पँटची मोहरी कोण ठरवते?

दुपारी पहिली पाळी सुटली की पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या स्पाइन रोडवर दुचाक्यांची गर्दी होते. सिग्नलला थांबलेल्या त्या गर्दीत पायांकडे नजर टाकली, तर पुरुषांच्या पँटचे तीन काळ एकाच वेळी दिसतात. निवृत्तीला आलेल्या कामगाराची बेंबीपर्यंत चढवलेली, पुढे दोन-दोन प्लेटा असलेली टेरिकॉटची पँट. पस्तिशीतल्या सुपरवायझरची पोटरीला चिकटलेली आणि घोट्याच्या वरच संपणारी पँट. नुकत्याच अप्रेंटिस लागलेल्या मुलाची ढगळ, बुटावर घोळणारी पँट. टेप लावली तर पहिल्या आणि तिसऱ्या पँटची मोहरी जवळपास सारखी भरेल. मधली मात्र त्यांच्या दोन तृतीयांशच निघेल.

थोरल्याने आवडीने शिवून घेतलेल्या ज्या पँटला मधली पिढी जुनाट म्हणाली, तीच धाकटा पैसे मोजून दुकानातून आणतो. ‘फॅशन फिरून येते’ असे म्हणून आपण हा विषय सोडून देतो. पण ती फिरवते कोण? रुंद पँट बहुधा उंच कमरेबरोबर का येते? अरुंद पँट आखूडच का असते? आणि पँट एवढ्या उड्या मारत असताना सूट मात्र सावकाश का बदलतो?

पँटची रुंदी कुणाच्या लहरीवर ठरत नाही. तिच्यामागे चार कारणे असतात: पँट कमरेवर कुठे बसते, कापड किती ताणते, खाली पाऊल आणि बूट कसे आहेत, आणि आपल्याला कुणासारखे दिसायचे आहे किंवा दिसायचे नाही. पहिली तीन कारणे टेपने मोजता येतात, चौथे समाजात शोधावे लागते. यांतले एक हलले की बाकीची तिन्ही हलतात. त्यामुळे पँट बदलते ती एकदम सगळीच बदलते.

सगळ्याचे मूळ आसनात

शिंपी पँटसाठी सहा-सात मापे घेतो: उंची, कंबर, सीट, मांडी, गुडघा आणि मोहरी. मोहरी म्हणजे पँटच्या तळाचा घेर. गिऱ्हाइकाचे लक्ष बहुधा कंबर आणि मोहरी यांवरच असते. पण पँटचे रूप ठरते ते आसनाच्या मापाने. कमरपट्ट्यापासून दोन्ही पाय जोडणाऱ्या शिवणीपर्यंतची खोली म्हणजे आसन.

पुरुषाच्या शरीराचा बेंबीजवळचा भाग अरुंद असतो आणि त्याखाली साधारण वीतभर अंतरावर नितंबांचा भाग सर्वांत रुंद असतो. पँट बेंबीजवळ बसली, तर कापडाला अरुंद भागावरून निघून रुंद भाग ओलांडायचा असतो. त्यासाठी जास्तीचे कापड लागते. ते कमरेवर मोकळे सोडता येत नाही, म्हणून दुमडून पट्ट्यात शिवतात. हीच प्लेट. धोतराच्या निऱ्या जे काम करतात तेच प्लेट करते: उभे असताना कापड घडीत राहते, बसलो की घडी उघडते आणि मांडीला जागा मिळते. प्लेटांतून सुटलेले कापड मांडीवरून सरळ खाली उतरते, म्हणून मांडी सैल आणि मोहरीही रुंद. उंच कंबर, प्लेटा आणि रुंद पाय हे त्रिकूट बहुधा एकत्र दिसते ते यामुळे.

आता कंबर खाली आणून पट्टा नितंबांच्या हाडांवर बसवून पाहा. पट्टा आणि रुंद भाग यांत अंतरच उरत नाही. प्लेट उघडायला जागा नाही, म्हणून पुढचा भाग सपाट. आसन उथळ, म्हणून जोडाची शिवण अंगाजवळ आणि मांडी अरुंद. 2000 नंतर ‘लो वेस्ट’ पँटा आल्या, तेव्हा प्लेटाही गेल्या आणि पायही बारीक होत गेले. हे तीन बदल वेगवेगळे वाटले तरी ते आसनाच्या एकाच मापातून निघाले होते.

दुचाकीवर बसणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. आपण बसतो तेव्हा पाठीच्या खालपासून मांडीपर्यंतची मागची रेषा लांब होते आणि पुढची आखडते. म्हणूनच चांगला शिंपी पँटचा मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच कापतो आणि मागची शिवण तिरकी ठेवतो. आसन उथळ असेल तर लांब झालेल्या रेषेला पुरेल एवढे कापडच नसते. मग पट्टा मागून खाली घसरतो आणि शर्ट वर निघतो. चिखलीहून चाकणला रोज दुचाकीने जाणाऱ्याची कंबर संध्याकाळी अवघडलेली असेल, तर त्यात रस्त्याइतकाच पँटच्या आसनाचाही वाटा असू शकतो.

कापड जे करू देते तेच होते

दुसरे कारण कापड. लोकर, सुती, टेरिकॉट आणि स्ट्रेच ही चार नावे लक्षात ठेवली तरी गेल्या शंभर वर्षांतल्या पँटची गोष्ट बरीचशी कळते.

लोकरीचा धागा मुळातच नागमोडी असतो. दाबला तरी तो पूर्ववत होतो, त्यामुळे लोकरीची पँट सुरेख पडते. 1925 मध्ये सुरू झालेली ठाण्याची रेमंड गिरणी लोकरी कापडासाठी ओळखली गेली ती याच गुणावर. पण लोकर महाग असते आणि कामगाराला रोज वापरायला परवडत नाही. सुती कापड स्वस्त आणि हवेशीर, पण त्यावर इस्त्रीची घडी टिकत नाही. पाणी किंवा घाम धाग्यात शिरला की त्यातले रेणू एकमेकांना धरून ठेवणारे बंध सुटतात आणि घडी विरघळून जाते.

1941 मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा तयार केला. 1960 च्या दशकात तो ‘टेरीन’ या नावाने भारतात रुळला आणि सुताबरोबर मिसळून टेरिकॉट झाला. पॉलिएस्टर तापवल्यावर त्यातल्या लांब रेणूसाखळ्या सैल होतात, दाबलेल्या घडीत नवी जागा घेतात आणि थंड होताना तिथेच अडकून बसतात. धुण्याच्या पाण्यातली उष्णता त्यांना पुन्हा हलवायला पुरत नाही. म्हणून टेरिकॉटच्या पँटची धार चार वेळा धुऊनही दिसते. ज्या घरात इस्त्री नव्हती, त्या घरातल्या माणसालाही आता रोज कडक घडीची पँट घालता आली. पुरुषांच्या पोशाखातली ही मोठी समता होती, आणि ती रसायनशाळेतून आली.

1970 च्या दशकातल्या बेलबॉटमलाही याच कापडाची साथ मिळाली. गुडघ्यापासून त्रिकोणासारखी पसरणारी मोहरी मऊ सुती कापडात लोंबली असती. टेरिकॉट आणि जाड पॉलिएस्टरच्या कडकपणामुळे तो आकार उभा राहिला. उणी बाजू घामाची. सुती धागा हवेतली आर्द्रता आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के शोषतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही शोषत नाही. उन्हाळ्यात टेरिकॉट अंगाला चिकटते ते म्हणूनच.

यानंतरची उडी स्ट्रेचची. 1958 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी इलॅस्टेन धागा विकसित केला. लायक्रा हे त्याचे प्रसिद्ध व्यापारी नाव. हा धागा आपल्या लांबीच्या पाच-सहा पट ताणला जाऊन पुन्हा आखडतो. सुती कापडात तो 2-3 टक्के मिसळला तरी कापड अंगाबरोबर हलते. 2010 च्या दशकात अंगाला चिकटणारी पँट घरोघरी पोहोचली, त्याचे तांत्रिक कारण हा धागा. स्ट्रेच नसलेल्या कापडात तशी पँट शिवली असती, तर गुडघा वाकवताच शिवण उसवली असती. मात्र उष्णता आणि क्लोरीन हे इलॅस्टेनचे शत्रू. कढत पाणी, ब्लीच आणि तापलेली इस्त्री यांनी तो मरतो, आणि मग गुडघ्याला आलेला फुगवटा कायमचा राहतो.

टाच अडते तिथे

तिसरे कारण पावलाचे. पँट पायात घालताना सर्वांत अडचणीची जागा म्हणजे टाच. टाचेच्या मागून पावलाच्या वरच्या उंचवट्यापर्यंतचा घेर प्रौढ पुरुषात साधारण 13 ते 14 इंच असतो. म्हणजे न ताणणाऱ्या कापडाची मोहरी याहून कमी ठेवलीच, तर पाऊल आत जाणार नाही. 1960 च्या दशकातल्या नळीसारख्या पँटांची मर्यादा हीच होती. 12 इंचांची मोहरी रोजच्या वापरात आली ती स्ट्रेच कापड आल्यानंतर.

मोहरी आणि उंची यांचेही नाते असेच आहे. रुंद मोहरी बुटावर पसरून बसते, म्हणून तिची उंची टाचेपर्यंत ठेवता येते. अरुंद मोहरी बुटावरून खाली जाऊ शकत नाही. लांब ठेवली तर घोट्यावर चुण्या गोळा होतात. त्या टाळायच्या तर पँट आखूड करावी लागते. घोट्याच्या वर संपणाऱ्या पँटचा उगम इथे आहे. आणि गेल्या काही वर्षांत जाड तळव्यांचे मोठे बूट आले, तेव्हा त्यांच्यावर चिंचोळी मोहरी विजोड दिसू लागली. ढगळ पँट आली तिला हे बूटही कारण झाले.

पन्ह्याचा हिशेब

आपल्याकडे लग्नाच्या आहेरात पँटपीस-शर्टपीस देण्याची रीत आहे. त्या पँटपीसमध्येही एक गणित लपलेले आहे. पँटच्या कापडाचा पन्हा साधारण 58 इंच असतो. शिंपी तो मधोमध दुमडतो, म्हणजे 29 इंच रुंदीची दुहेरी घडी मिळते. या रुंदीत एका पायाचे पुढचे आणि मागचे पान शेजारी-शेजारी बसवायचे. कापड दुहेरी असल्याने दोन्ही पाय एकदम कापले जातात. मध्यम बांध्याच्या माणसाची साधी पँट 1.2 मीटरमध्ये निघते ती अशी.

प्लेटा वाढवल्या, मांडी सैल केली की पाने रुंद होतात आणि 29 इंचांत मावत नाहीत. मग लांबीत जास्त कापड घ्यावे लागते. एका पँटला हे थोडेसेच वाटते, पण हजारो पँटा कापणाऱ्या कारखान्यात त्याचा खर्च मोठा होतो. अरुंद पँट कापड वाचवते, आणि स्ट्रेच असेल तर एकच साइज दोन-तीन बांध्यांच्या माणसांना चालते. तयार कपड्यांच्या व्यापाराला चिंचोळी पँट सोयीची होती, हेही ती दीर्घकाळ टिकण्याचे एक कारण आहे.

कापडाच्या टंचाईने फॅशन कशी वळते याचे ठळक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले. ब्रिटनमध्ये जून 1941 मध्ये कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. 1942 मध्ये पुरुषांच्या सुटावर निर्बंध आले: पँटच्या मोहरीला बाहेरून दुमड नको, डबल ब्रेस्ट कोट नको, खिसे मोजकेच. दोन इंचांची दुमड वाचवून सरकारला गणवेशांसाठी कापड हवे होते. लोकांना हे अजिबात आवडले नाही, आणि काही जण मुद्दाम लांब पँट घेऊन घरी दुमडत.

यंत्राजवळचा नियम

चिखलीत आणखी एक नियंता आहे: कारखाना. गाव मुळात शेतकऱ्यांचे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, 1966 मध्ये टेल्को आली. धोतर आणि लेंगा घालणाऱ्या घरांतली मुले पाळीवर जाऊ लागली आणि पँट हा पगारदार माणसाचा पोशाख झाला. 1997 मध्ये चिखली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, तोवर लेंगा-सदरा-टोपी वडीलधाऱ्यांपुरती उरत चालली होती.

पण कारखान्याच्या आत फॅशनला मुभा नसते. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 22 व्या कलमात चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्या कामगाराने अंगाबरोबरचे कपडे घातलेले असावेत आणि ते मालकाने पुरवावेत, अशी अट होती. कारण स्पष्ट आहे. फिरणाऱ्या शाफ्टमध्ये कापडाचे एक टोक अडकले की यंत्र माणसाला आत ओढते. हात-पाय सोडवायला वेळ मिळत नाही. बेलबॉटमच्या ऐन बहरातही लेथसमोर उभ्या माणसाला ती घालून चालण्यासारखे नव्हते.

वेल्डिंगच्या कामात कापडाचा प्रकारही महत्त्वाचा ठरतो. ठिणगी सुती कापडावर पडली तर कापड जळते, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते आणि जखम खोल होते. म्हणून वेल्डरने जाड सुती किंवा आगरोधक कापडच घालावे. मोहरीला बाहेरून दुमड ठेवू नये, कारण तिच्यात ठिणगी जाऊन बसते. आजच्या तरुणाने पाळीबाहेर हवी तेवढी ढगळ पँट घालावी. यंत्राजवळ मात्र हा नियम जिवाचा आहे.

सूट सावकाश का बदलतो

पँट अशी वर्षावर्षाला बदलत असताना सुटाचा आराखडा साडेतीनशे वर्षे ओळखू येतो. ऑक्टोबर 1666 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने दरबारासाठी कोटाखाली लांब बंडी घालण्याचा पोशाख आणला, तिथून तीन कपड्यांच्या सुटाची वाट निघाली. 19 व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या ब्रमेल या फॅशनबाज गृहस्थाच्या प्रभावाने गुडघ्यापर्यंतच्या विजारी मागे पडून लांब पँट आणि गडद, साधा कोट रूढ झाला. त्यानंतर सुटात जे बदलले ते तपशिलात.

सावकाशीचे कारण कोटाच्या आत दडलेले आहे. पँट म्हणजे दोन नळ्या आणि एक पट्टा. कोटात मात्र छातीच्या आतल्या बाजूला कॅनव्हासचा थर असतो, खांद्याला पॅड असतात, आत अस्तर असते. जुन्या पद्धतीत कॅनव्हास हाताच्या टाक्यांनी बसवतात आणि तो अंगाच्या उष्णतेने हळूहळू छातीचा आकार घेतो. स्वस्त पद्धतीत तो डिंकासारख्या थराने, उष्णतेच्या दाबाखाली चिकटवतात. याला फ्यूजिंग म्हणतात. चिकटवलेला कोट लवकर तयार होतो, पण चुकीच्या धुलाईने किंवा जास्त उष्णतेने थर सुटतो आणि छातीवर फुगे येतात. एवढी मेहनत आणि एवढा खर्च असलेली वस्तू माणूस दरवर्षी बदलत नाही.

दुसरे कारण प्रसंगाचे. सूट आपण लग्नाला, मुलाखतीला, सत्काराला घालतो, आणि त्या दिवशी वेगळे दिसण्यापेक्षा योग्य दिसणे महत्त्वाचे वाटते. सुटाला मान मिळतो तो या स्थिरतेतून. पिंपरी चौकातला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा पाहिला की याची खरी किंमत कळते. ज्या समाजाला नीटनेटके कपडे घालण्याचीही मनाई होती, त्याच्या नेत्याने सूट घालून सांगितले की हा दर्जा आमचाही आहे. त्याआधी 1888 मध्ये पुण्यात ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले होते. 1921 मध्ये मदुराईत गांधीजींनी फक्त पंचा नेसण्याचा निर्णय घेतला. तिघांच्या वाटा वेगवेगळ्या, पण कापडाला बोलायला लावण्याची ताकद तिघांनीही ओळखली होती.

सुटाचे तपशील मात्र पँटबरोबर हलतात. कोटाच्या कॉलरची पुढे येणारी पाती, म्हणजे लॅपेल, पँट अरुंद असताना अरुंद होते आणि पँट रुंद झाली की रुंद. नजर वरचा आणि खालचा भाग तोलून पाहते. चिंचोळ्या पायांवर भरदार लॅपेलचा कोट बोजड वाटतो. 1970 च्या दशकात बेलबॉटमबरोबर रुंद लॅपेल आले. 1980 च्या दशकात इटलीच्या जॉर्जिओ अरमानी यांनी कोटातला कडकपणा काढून तो सैल, मऊ केला आणि पँटांना प्लेटा आल्या. 2010 च्या दशकात अरुंद पँटबरोबर कोटही आखूड झाले. आता डबल ब्रेस्ट आणि रुंद लॅपेल परतले आहेत, आणि त्यांच्याखाली पँटही सैल होते आहे.

मग फिरवते कोण?

आता चौथे कारण. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी 1904 मध्ये फॅशनवर लिहिताना माणसातल्या दोन उलट्या ओढी दाखवल्या: आपल्या माणसांसारखे दिसण्याची ओढ आणि इतरांपेक्षा वेगळे दिसण्याची ओढ. नवी पँट काही जण वेगळेपणासाठी घालतात. ते पाहून इतर जण त्यांच्यासारखे दिसण्यासाठी घालतात. सगळ्यांनी घातली की तिच्यातले वेगळेपण संपते. आणि मग पुढच्या मुलांना दुसरे काहीतरी शोधावे लागते.

हे दुसरे काहीतरी नेमके उलटेच का निघते? माझ्या मते याचे उत्तर शरीरात आहे. वेगळेपण लांबून दिसायला हवे, आणि लांबून पँटचे एकच माप ठळक दिसते: रुंदी. ती एका बाजूला कातडीला जाऊन थांबते, तिच्याहून अरुंद होणे शक्य नाही. दुसऱ्या बाजूला कापड पायात अडकते आणि चालणे अवघड होते. या दोन भिंतींच्या मधेच तिला हलायचे आहे. एका भिंतीला टेकल्यावर मागे वळण्याखेरीज वाट नाही. म्हणून 1920 च्या दशकाच्या मध्यावर ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांची अतिरुंद पँट, 1950 च्या दशकात लंडनच्या टेडी बॉइज म्हणवणाऱ्या तरुणांची नळीसारखी, 1970 मध्ये बेलबॉटम, 1990 च्या आसपास बॅगी, 2010 मध्ये स्किनी आणि आता पुन्हा ढगळ. नवी पँट जुनीची नक्कल वाटते, कारण दोन भिंतींमध्ये फार वेगळे आकार बसतच नाहीत.

मधल्या पिढीने नाकारलेली पँट नातवाने का घ्यावी, तेही यातून कळते. मुलासाठी ती बापाची, म्हणजे कालची पँट होती. नातवाला तिच्याशी कुठलीच जुनी ओळख नाही. त्याला ती नवीच वाटते.

2020 च्या टाळेबंदीने या फेऱ्याला जोर दिला. घरून काम करणाऱ्या हिंजवडी-तळवड्याच्या आयटीवाल्यांनी इलॅस्टिकच्या आणि नाडीच्या पँटा घातल्या. त्यांना कळले की कंबर दिवसभरात वाढते आणि कमी होते, आणि पोशाखाने तिच्याबरोबर हलायला हवे. लेंग्याच्या नाडीने हीच सोय पिढ्यान् पिढ्या दिली होती. ऑफिसची पँटही आता तिच्याकडे झुकते आहे, हे मला चांगले लक्षण वाटते.

चौकट : थोडक्यात

• आसन खोल असेल तर प्लेटा आणि रुंद पाय. उथळ असेल तर सपाट पुढा आणि अरुंद पाय.
• पॉलिएस्टरने घडी टिकवली, इलॅस्टेनने अंगाला चिकटणारी पँट शक्य केली.
• स्ट्रेच नसेल तर टाचेच्या घेरापेक्षा, म्हणजे सुमारे 13-14 इंचांपेक्षा, अरुंद मोहरी चालत नाही.
• अरुंद मोहरी आखूडच ठेवावी लागते, रुंद मोहरी बुटावर पसरते.
• यंत्राजवळ अंगाबरोबरचे कपडे, वेल्डिंगजवळ सुती कपडे.
• सर्वांनी घातले की वेगळेपण संपते, आणि रुंदी उलट्या दिशेने फिरते.

आपण काय करावे

हे सारे समजल्यावर बदलत्या पँटेवर रागावण्याचे कारण उरत नाही, तिच्यामागे धावण्याचेही. ढगळ पँट घालणाऱ्या मुलांना घरात टोचून बोलले जाते, ते थांबावे. त्यांच्या पँटेत हवा खेळते, गुडघा मोकळा वाकतो, आणि आपल्या उन्हाळ्यात ती स्किनीपेक्षा खूप शहाणी आहे. तिच्यातला धोका एकच, दुचाकीच्या साखळीत किंवा स्टँडमध्ये मोहरी अडकण्याचा. तेवढी ती आखूड करून घ्यावी.

पँट घेताना आरशासमोर उभे राहून समाधान मानू नका. ट्रायल रूममध्ये बसून पाहा, गुडघे वाकवून पाहा. मागे पट्टा घसरत असेल तर आसन कमी आहे, आणि ते कोणत्याही दुरुस्तीने वाढत नाही. मोहरी, उंची, कंबर नंतर बदलता येते. म्हणून आसन पाहूनच पँट निवडा. मधल्या मापाची, म्हणजे साधारण 15-16 इंच मोहरीची पँट दोन्ही भिंतींपासून दूर राहते आणि सर्वांत जास्त वर्षे चांगली दिसते.

लग्नाचा सूट शिवत असाल तर बाहेरच्या चकाकीपेक्षा आतल्या थरांवर पैसे घाला. मे महिन्यातल्या मांडवात पूर्ण अस्तराचा पॉलिएस्टर कोट म्हणजे घामाची पिशवी होते. अर्धे अस्तर आणि हलकी लोकर किंवा टेरीवूल, म्हणजे लोकर-पॉलिएस्टरचे मिश्र कापड, मागा. लॅपेल फार अरुंद किंवा फार रुंद नको, म्हणजे तोच सूट दहा वर्षांनी धाकट्या भावाच्या लग्नातही घालता येईल.

आणि जमेल तेव्हा शिंप्याकडे जा. पिंपरी कॅम्पात कापड घेऊन गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घेण्याची सवय मोडत चालली आहे. तयार पँटच्या मागच्या शिवणीत दाब जेमतेम असतो. चांगला शिंपी तिथे इंच-दीड इंच कापड आत ठेवतो. कंबर वाढली की शिवण उसवून ती पँट पुन्हा बसवता येते, मुलाला हवी तर त्याच्या मापाची करता येते. फॅशनच्या फेऱ्यात पँट टिकते ती या दाबावर. शिंप्याला दाब सोडायला सांगा, त्याच्या कापायच्या आणि शिवायच्या वेळेचा योग्य मोबदला द्या, आणि हे ज्ञान असलेले हात आपल्या गल्लीत राहतील याची काळजी घ्या. ते हात गेले, तर पुढच्या पिढीला दुकानात टांगलेल्या तीन साइजांपैकी एका साइजमध्ये आपले अंग बसवावे लागेल.